मदत हवी आहे: रोजच्या सायकलला मागचं दिसणारा आरसा कुठला घ्यावा आणि कसा बसवावा?

सायकल साधी हायब्रिड आहे, सरळ हँडल, पुढे सस्पेन्शन नाही, टायर बऱ्यापैकी बारीक. कामावर जायला यायला वापरतो आणि वाटेतला बराचसा रस्ता असा की सायकलला वेगळी जागा वगैरे काही नाही, गाड्या मागून येतात आणि अगदी चिकटून पुढे जातात. मान वळवून बघतोच, पण मान वळली की सायकलही जराशी त्या बाजूला ओढली जाते आणि खड्डा नेमका तेव्हाच येतो.

सध्या जो आरसा लावलाय तो गोल, फुगीर काचेचा, लांब दांडीचा, ग्रिप आणि ब्रेक लिव्हरच्या मध्ये पट्ट्याने आवळायचा प्रकार. अर्ध्या काचेत माझाच हात दिसतो, मागचं बघायला कोपर पोटाशी घ्यावं लागतं. त्यात चालत्या सायकलवर चित्र इतकं थरथरतं की मागे काहीतरी आहे एवढंच कळतं, कार आहे की स्कूटर ते नाही, थांबलं की एकदम स्वच्छ, पण थांबल्यावर बघून करायचंय काय! आणि स्पीडब्रेकर आला की आरसा मान टाकतो, मग पुढचा सगळा रस्ता स्वतःच्या गुडघ्याचं दर्शन.

आता हँडलच्या टोकात घुसवायचा आरसा, हेल्मेटचा आरसा आणि चष्म्याच्या काडीला लावायचा आरसा एवढे पर्याय दिसतायत. व्हर्निअरने मोजलं तर ग्रिप बसते तिथे हँडल बाहेरून २२.२ मिमी आहे, आतून साधारण १८. ग्रिप बोल्टने आवळायच्या आहेत, टोकाला प्लास्टिकचं बूच. सपाट काच घ्यावी की फुगीर? थरथर कमी कशाने होते? आणि टोकातला आरसा बसवताना ग्रिप कापावी लागेल का? ज्यांनी रोज वापरलाय त्यांनी सांगा प्लीज, फोटो बघून सगळेच छान दिसतात.

---

प्रतिसाद:

काच कुठली ते नंतर, आधी आरसा डोळ्यापासून किती लांब आहे ते बघा, कारण निम्मं गणित तिथेच आहे. हँडलच्या टोकाचा आरसा डोळ्यापासून साधारण ६५ सेंमीवर येतो. सपाट काच ७ सेंमी व्यासाची धरली तर २० मीटर मागे तिच्यात जेमतेम सव्वादोन मीटर रुंदीचा पट्टा मावतो, म्हणजे एक कार आणि वर थोडंसं, बस्स. शिवाय आरसा १ अंश हलला की चित्र २ अंश सरकतं, २० मीटरवर ते ७० सेंमी झाले. म्हणजे स्पीडब्रेकरवर आरसा ३ अंश कलंडला तर जो पट्टा बघत होता तो जवळजवळ पूर्णच काचेबाहेर गेला. हँडलवर छोटी सपाट काच लावून लोक वैतागतात ते यामुळे.

म्हणून हँडलवर फुगीरच घ्या, पण अति फुगीर नको. फुगीर काचेत सगळं बारीक दिसतं आणि आहे त्यापेक्षा लांब वाटतं. कार ५० च्या स्पीडने येतीये आणि तुम्ही १८ ने चालवताय तर फरक ३२ चा, सेकंदाला जवळजवळ ९ मीटर. २० मीटर मागे दिसली म्हणजे दोन सेकंदांत बाजूला आली. त्या दोन सेकंदांत "अजून लांब आहे" असं वाटणं महागात पडतं. घेण्याआधी हात लांब करून आरसा धरा आणि मागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघा, कार की बस हे एका नजरेत ओळखू आलं नाही तर तो आरसा तिथेच ठेवा.

थरथरीचं कारण दांडी. लांब, बारीक दांडी आणि तिच्या टोकाला वजन, ती हलणारच. दांडी जितकी आखूड तितकं चित्र स्थिर. टोकातल्या आरशाची दांडी बहुधा आखूड असते आणि तो कोपराच्या बाहेर असतो, त्यामुळे तुमच्या दोन तक्रारी एकदम सुटतील. टायरमध्ये हवा ठोकून भरत असाल तर टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी करून बघा, त्यानेही फरक पडतो.

---

प्रतिसाद:

मी हेल्मेटवाली आहे आणि परत हँडलकडे जाणार नाही. वरचंच गणित लावा, डोळ्यापासून १० सेंमीवर ३ सेंमीची सपाट काच, तर २० मीटर मागे सहा मीटर रुंद दिसतं, पूर्ण रस्ता. शिवाय काच सपाट, त्यामुळे अंतर खरं दिसतं. जरा डोकं फिरवलं की डावीकडून उजवीकडे सगळं झाडून बघता येतं, हँडलचा आरसा जिकडे तोंड करून बसलाय तिकडेच बसतो. आणि धक्के हात-खांदे-मान यातच जिरतात म्हणून चित्र हलत नाही.

पण सुरुवातीला डोकं दुखतं हे आधीच सांगते. एक डोळा पुढे, एक मागे, मेंदूला हे पटायला वेळ लागतो. आणि हेल्मेट सैल असेल तर काही उपयोग नाही, दर वेळी घातल्यावर आरसा थोडा सरळ करावाच लागतो. हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायची सवय असेल तर दांडी मोडली समजा.

---

प्रतिसाद:

जुन्या ट्यूबची पट्टी क्लॅम्पखाली, म्हणजे हँडलला आवळायच्या पट्ट्याखाली, गुंडाळा, फुकटात काम होतं, नवीन आरसा कशाला.

---

प्रतिसाद:

ट्यूबच्या पट्टीने क्लॅम्प फिरायचा थांबतो हे खरं, तेही एकच पातळ वेढा असेल तर. पण थरथरीवर ते औषध नाही, जाड रबर घातलं की आरसा उलट जास्त डुलतो. आणि धागाकर्त्याचा आरसा मान टाकतो म्हणतायत ते बहुतेक क्लॅम्पमुळे नाहीच, दांडीच्या टोकाला जो गोळीचा सांधा असतो तो सैल झालाय. मागचा स्क्रू आवळून बघा. तिथे तेल अजिबात नको, लोक चेनला तेल देता देता तिथेही एक थेंब सोडतात आणि मग आरसा टिकत नाही म्हणून ओरडतात.

आता बसवण्याचं. ग्रिप कापायची गरज नाही, तुमच्या बोल्टवाल्या आहेत म्हणजे बहुधा टोकाचं बूच काढलं की हँडलचं तोंड उघडं मिळेल. नुसत्या रबरी, टोक बंद असलेल्या ग्रिपला मात्र धारदार कटरने टोक गोल कापावं लागतं. एक बघा, ग्रिपची बाहेरची रिंग हँडलच्या टोकापुढे आलेली नको, नाहीतर आरशाची कडा हँडलवर न टेकता रिंगवर टेकते आणि सगळं लटपटतं. रिंगचा बोल्ट ढिला करून ग्रिप आत सरकवा, रिंग हँडलच्या तोंडाशी बरोबर समतल आली पाहिजे. ब्रेक लिव्हर मध्ये आला तर तोही तेवढाच आत घ्या.

मग आरशाचा जो भाग आत जातो, म्हणजे प्लग, त्याचा आकार पाकिटावर दिलेला असतो, १८ मिमी त्यात बसतं का बघा. हँडल आधी कोणी पाइप कटरने आखूड केलं असेल तर तोंडाशी आतल्या बाजूला धातूची बारीक कड वळलेली असते, बोट फिरवलं की लागते. आतून १८ असूनही प्लग तोंडातच अडकतो तो तिच्यामुळे, गोल कानशीने ती काढायची. आत चिंधीने कोरडं पुसायचं, ग्रीस नाही. प्लग घालून ॲलन कीने (षटकोनी चावी) एवढंच आवळा की जोर लावला तर आरसा हाताने फिरेल. मग सायकलवर बसा, कोणालातरी सायकल धरायला सांगा, आणि रोज बसता तसंच बसून कोन लावा. खाली उभं राहून लावलेला कोन वर बसल्यावर हमखास चुकतो. रस्ता जिथे संपल्यासारखा दिसतो ती रेघ काचेच्या मध्याच्या थोडी वर आणि आतल्या कडेला स्वतःच्या कोपराची अगदी चिमूटभर कड दिसू द्या. ती कड दिसेनाशी झाली की आरसा सरकलाय हे चालवतानाच कळतं. मग शेवटचं घट्ट आवळायचं.

हँडल कार्बनचं असेल तर हे काही करू नका. आतून फुगणाऱ्या प्लगने ते तडकू शकतं, हँडलवाल्या कंपनीने चालतं म्हटलं असेल तरच.

---

धागाकर्ता:

बापरे, खजिनाच मिळाला, सगळ्यांना धन्यवाद. हँडल ॲल्युमिनियमचं आहे. गोळीचा सांधा आवळला, मान टाकणं बरंच कमी झालं, थरथर आहे तशीच. टोकातला फुगीर घ्यायचं ठरवतोय, हेल्मेटचा मोह होतोय पण मला चष्मा आहे आणि त्याची जाड काडी नेमकी तिथेच आडवी येते.

दोन शंका राहिल्या. आरसा कुठल्या बाजूला, की दोन्हीकडे? आणि सांध्याच्या स्क्रूला ते निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो द्रव, लावू का?

---

प्रतिसाद:

ज्या बाजूने गाड्या तुम्हाला ओलांडतात त्या बाजूला. रस्त्याच्या डाव्या कडेने चालवत असाल तर उजवीकडे. दुसऱ्या बाजूला लावला तर भिंती, खांब आणि पार्क केलेल्या गाड्यांनाच घासत राहील. आणि आरशात रस्ता मोकळा दिसला तरी वळण्याआधी मान वळवून एकदा बघायचंच, अगदी बाजूला आलेली मोटरसायकल कुठल्याच आरशात दिसत नाही.

थ्रेडलॉकर प्लास्टिकवर नको! धातूच्या स्क्रूला धातूचा नट असेल तर ठीक, पण आरशाचं बूड बहुतेक प्लास्टिकचं असतं आणि काही प्लास्टिक त्या द्रवाने हळूहळू तडकतं. त्यापेक्षा आत नायलॉनची रिंग असलेला नट मिळतो तो लावा.

---

प्रतिसाद:

कोणी मागच्या रडारचं बोललं नाही म्हणून, गार्मिनचं वारिया १४० मीटरपर्यंत मागून येणारी गाडी पकडतं आणि बीप करतं. पण गाडी रुंद जागा सोडून जातीये की अंगावर येतीये हे त्याला सांगता येत नाही. गर्दीच्या रस्त्यावर तर ते सतत वाजत राहतं. रोजच्या गर्दीत आरसाच बरा, मोकळ्या हायवेला रडार.

---

धागाकर्ता:

रडार नको, अजून एक वस्तू चार्ज करायची ताकद नाही. शेवटचं विचारतो, आमच्या पार्किंगमध्ये सायकली एकमेकींत घुसवून लावतात, टोकातला आरसा बाहेर आला तर कोणीतरी तो ढकलणारच. रोज कोन परत लावत बसायचं का?

---

प्रतिसाद:

घडी होणारा घ्या आणि सायकल पार्क करताना आत वळवून ठेवा. कोन एकदा नीट बसला की दांडी आणि बुडखा दोन्हींवरून जाईल अशी व्हाइटनरची एक रेघ ओढा, सांध्यावर दुसरी. निघताना रेघेला रेघ जुळवली की झालं. पावसात व्हाइटनर निघून जातं, नेलपॉलिश टिकतं.