खाणीतला पांढरा दगड कोणता?
सोलापूरच्या माळावरची, बाभळी-कडुनिंबाच्या झाडीतून जाणारी एक पायवाट शहाबादी फरशीच्या चुनखडकाच्या जुन्या खाणीत उतरते, असे म्हटले जाते. वाट रमणीय आहे हे अगदी मान्य, परंतु खडकाबाबत मी सहमत नाही. सोलापूरचा माळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजलेल्या काळ्या बेसाल्टचा आहे. फरशीचा खरा चुनखडक सोलापूरहून रेल्वेने वाडी जंक्शनकडे जाताना लागणाऱ्या, कर्नाटकातील शहाबादच्या परिसरात सापडतो.

चुनखडक लिंबाच्या आंबट रसाने फसफसतो, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्या खाणीतल्या पांढऱ्या दगडांवर मुद्दाम लिंबू पिळून पाहिले. काठावरच्या मातीतले पांढरे खडे, ज्यांना आपल्याकडे चुनखडीच म्हणतात, ते लगेच फसफसले. काळ्या कपारीतले चमकदार पांढरे स्फटिक मात्र तसेच राहिले, म्हणजे ते गारगोटीचे किंवा झिओलाइटचे (बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या एका खनिजाचे) असावेत.