टोकियोत पोर्क आणि लार्ड (डुकराची चरबी) नसलेला अबुरा सोबा कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात दादा-वहिनी पुण्याहून आमच्याकडे येतायत, आम्ही निशी-कासाईला राहतो. दादाला मी फोनवर अबुरा सोबाबद्दल इतकं सांगितलंय की तो म्हणतो बाकी काही दाखवू नकोस पण तिथे घेऊन चल. आणि मलाही मनापासून वाटतं की त्याने खावा, कारण रामेन सगळ्यांना माहीत असतं, याच्याकडे कोणी बघत नाही. पण दादा चिकन, मासे, अंडं सगळं खातो, डुक्कर मात्र अजिबात नाही.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी, हा रस्सा नसलेला रामेन. 1950 च्या दशकात पश्चिम टोकियोत मुसाशिनो, कुनिताचीच्या बाजूला कॉलेजच्या पोरांमध्ये हा चालू झाला. वाडग्याच्या तळाशी सोया सॉसचा 'तारे' (चवीचा दाट सॉस) आणि तेल, त्यावर वाफाळत्या जाडसर नूडल्स, मेनमा (आंबवलेले बांबूचे कोंब), नोरी (समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा तुकडा), चाशू (शिजवलेल्या पोर्कचे काप). मग व्हिनेगर आणि रायु (मिरचीचं तिखट तेल) गोल फिरवून ओतायचं आणि भेळ कालवतात तसं तळापासून भराभर कालवायचं, गरम आहे तोवरच, नाहीतर नूडल्स चिकटतात. व्हिनेगरने तेलाचा जडपणा कुठच्या कुठे जातो.

आता अडचण अशी की चाशू नको म्हटलं तर काढून देतात, पण तळातलं तेलच बऱ्याच ठिकाणी लार्ड असतं आणि तारेमध्ये चाशू शिजवलेला सॉस असू शकतो. वरचे तुकडे काढले म्हणून चालेल असं सांगून मला त्याला खायला घालायचं नाहीये. शिवाय दुकानात ऑर्डरचं तिकीट मशीनवर आधी पैसे भरून काढायचं, मागे रांग, तिथे शांतपणे विचारणार कसं? कोणाला चिकनच्या तेलावर करणारं दुकान माहीत आहे का? नसेल तर घरी जमेल का? प्लीज अनुभव असेल तरच सांगा.

प्रतिसाद:
ताई, दुपारी तीननंतर गर्दी नसते तेव्हा जा आणि तिकीट काढायच्या आधी विचारा, "बुतानिकु तो राआदो वा हाइत्ते इमास का" (यात पोर्क आणि लार्ड आहे का?). मोठ्या चेनच्या साइटवर अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो तोही बघा, पण इथे पोर्क लिहिणं सक्तीचं नाही, त्यामुळे नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. तोरी पाइतानवाल्या (चिकनच्या दाट पांढऱ्या रश्श्याच्या रामेनच्या) दुकानांत कधी कधी चिकनचा अबुरा सोबा असतो, तिथेही तारेचं विचाराच.

घरी तर छानच होतो. चिकनची कातडी आलं आणि नेगीच्या (जपानी लांब कांद्याच्या) हिरव्या पातीबरोबर मंद आचेवर ठेवा, तेल आपोआप सुटतं. वाडग्यात दीड मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा ऑयस्टर सॉस, एक मोठा चमचा ते तेल. सुपरमार्केटमधल्या ताज्या चुका मेन (रामेनच्या गव्हाच्या) नूडल्स उकळून पाणी नीट निथळा, गार पाण्याखाली धरू नका. रायुच्या बाटलीमागचे घटक तेवढे वाचून घ्या.