मदत हवी आहे : निवडणूक प्रचारातील विडंबनगीतांविषयी

नमस्कार. प्रथमच मतदान करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मी प्रचारगीतांवर एक चर्चासत्र तयार करीत आहे आणि त्यासाठी आपले साहाय्य हवे आहे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने ‘जय हो’ या गाण्याचे हक्क घेतले, तेव्हा भाजपने ‘भय हो’ असे विडंबन करून उत्तर दिले. दहा वर्षांनी, ‘गली बॉय’ चित्रपटातील ‘आझादी’ हे रॅप लोकप्रिय होताच दोन्ही पक्षांनी त्याच चालीवर एकमेकांविरुद्धच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आणल्या. ज्या घोषणेचा उगम आंदोलनांत आहे, तिचा असा वापर मला अस्वस्थ करतो.

अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीने संयुक्त महाराष्ट्राची मागणी गावोगावी नेली, पण तेथे शाहीर स्वतः श्रोत्यांसमोर उभा असे. आजच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमागे कोण आहे, हे अनेकदा कळतच नाही.

२०१९ किंवा २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतील मराठी विडंबने कोणी जतन केली असल्यास कृपया कळवावे. दुसरी अडचण कायद्याची आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका व समीक्षेसाठी सवलत आहे, परंतु विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मग पक्षाने मूळ चाल वापरताना संगीतकाराची परवानगी घेणे आवश्यक ठरते का? ध्वनिमुद्रण किंवा वकिली क्षेत्रातील सदस्यांनी प्रत्यक्ष अनुभवातून मार्गदर्शन केल्यास मी मनापासून ऋणी राहीन.