रविवारच्या उपासनेची पाळी लावायचं काम गळ्यात आलंय, शिस्त कुठून सुरू करू?

तिसरा_बाक

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची मंडळी, म्हणजे चर्च, पिंपरी-चिंचवडची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). बरीचशी कुटुंबं नगर-जालना साइडची, कंपनीच्या नोकरीपायी इकडे आलेली. यंदा पास्टरेट कमिटीने (मंडळीचा कारभार बघणारी कमिटी) उपासनेची पाळी लावायचं काम माझ्याकडे दिलंय, म्हणजे शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) कोण वाचणार, दानाच्या पिशव्या कोण फिरवणार, मध्यस्थीची प्रार्थना कोण करणार, दाराशी कोण उभं राहणार वगैरे.

परिस्थिती सांगतो. भक्ती साडेनऊची, सुरू होते दहाला, कधी त्याच्याही पुढे. वाचणारा आलाच नाही की पाळकसाहेब पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी खुणावतात, मग ते काका चष्मा चाचपत उठतात, बायबलमधलं यिर्मयाचं पुस्तक शोधता शोधता यशयाच्या पुस्तकात अडकतात आणि पुढचा पाऊण मिनिट माइकवर फक्त पानांचा आवाज. फलकावर गीतांचे नंबर चार लावलेले असतात पण तरुण संघाला ऐन वेळी अजून दोन सुचतात, ड्रमसकट. आणि सूचना! वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, महिला मंडळाची सहल, कुणाची गाडी गेटसमोर लागलीय, सगळं माइकवरून, आणि मग उपदेश उरकायची घाई.

काही बोललं की ठरलेलं उत्तर: देव घड्याळ बघत नाही, मन बघतो. मला पण कोरडा कार्यक्रम नकोय हो. पण हे जे चाललंय त्याला मनापासूनची सेवा म्हणायचं का? तुमच्याकडे कसं करतात, आणि सुरुवात कुठून करू म्हणजे भांडणं होणार नाहीत?

जुना_सेवक

भांडणं होणारच, ती अपेक्षा सोड बाळा.

मी नगरचा, आता रिटायर, मंडळीत वडील (एल्डर) म्हणून बरीच वर्षं काढली. तुझ्या पोस्टमधलं "नगर-जालना साइडची" हे वाचलं आणि अर्धं कोडं सुटलं. नगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून. त्यांच्या मंडळ्यांत पाळक आपल्या मनाने प्रार्थना करायचा, छापील पुस्तकाचं त्यांना वावडंच. नंतर एसपीजी हे दुसरं मिशन आलं ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, त्यांच्याकडे सगळं प्रार्थनापुस्तकातून, मंडळीने कुठे उत्तर द्यायचं, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हे ठरलेलं. आमच्या जिल्ह्यात एका गावात हे तर शेजारच्या गावात ते. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं, कागदावर सगळे एक झाले, पण आजोबांची सवय नातवाच्या गुडघ्यात उतरते ती उतरतेच. तुमच्याकडे जो म्हणतो "छापील प्रार्थनेत आत्मा नाही" आणि जो म्हणतो "हे काय वाट्टेल ते चाललंय" ते दोघंही मनापासूनच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या मिशनच्या अंगणातून. त्यामुळे पहिल्यांदा कमिटीत बसून एकच क्रम ठरवा आणि तो छापा. एकदा छापला की निदान वाद कागदाशी होतो, माणसाशी नाही.

दुसरं, मनापासून सेवा म्हणजे काय ते विचारलंस म्हणून. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ, पण गब्रीएल देवदूत बाजूला ठेवून जखऱ्याकडे बघ. तो मंदिरातला याजक, अबीयाच्या वर्गातला, त्याच्या वर्गाची पाळी आलेली, धूप जाळायची चिठ्ठी त्याच्या नावाने निघालेली. आत उशीर झाला तर बाहेर लोक वाट बघतायत आणि एवढा वेळ का लागतोय म्हणून नवल करतायत (म्हणजे तेव्हाही!). बाहेर आला तर वाचा गेलेली. आता कुणीही म्हणालं असतं, मला बोलता येत नाही, मी निघतो घरी. पण लूक सरळ लिहितो की सेवेचे दिवस पूर्ण झाल्यावरच तो घरी गेला. मुका माणूस पाळी पुरी करतो, आणि आपल्याकडे रात्री पाहुणे आले होते म्हणून शास्त्रपाठाला दांडी.

हे कुणाला टोचायला सांगू नको. फक्त पाळी लावताना प्रत्येकाला आदल्या गुरुवारी फोन कर. ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही, तिथे सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात.

वसईची_वाचिका

मी कॅथलिक, वसईची, त्यामुळे क्रमाबद्दल मी बोलणं म्हणजे थोडं सोपंच आहे, आमच्याकडे क्रम ठरवायचा प्रश्नच येत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली, पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, मग शुभवर्तमान. म्हणजे २ वर्षांनंतरच्या एखाद्या रविवारी काय वाचायचंय ते आज सांगता येतं. पण म्हणून आमच्याकडे सगळं छान चालतं असं समजू नका, क्रम असूनही बेफिकिरी येते, ती वेगळ्या प्रकारची. मिस्साच्या (आमच्या उपासनेच्या) आधी ५ मिनिटं सॅक्रिस्टीत, म्हणजे तयारीच्या खोलीत, येऊन "आज माझं कुठलं वाचन" विचारणारे भरपूर आहेत.

मला सुरुवातीला एका सिस्टरनी शिकवलं ते सांगते, तुमच्या वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. शनिवारी वाचन मोठ्याने वाचायचं, मनात नाही, कारण अडखळायला होतं ते जिभेला. प्रेषित पौलाच्या पत्रांतली वाक्यं अशी लांबलचक असतात की श्वास कुठे घ्यायचा ते आधी नाही ठरवलं तर "कारण" वर दम संपतो आणि अर्थ उलटा होतो. मी पेन्सिलीने बारीक रेघा मारते झेरॉक्सवर. नावं आधी विचारून घ्यायची. मग रविवारी वाचनपीठाशी गेल्यावर लगेच सुरू नाही करायचं, लोक बसेपर्यंत थांबायचं, बाक करकरायचे थांबले की मग तोंड उघडायचं. माइक हनुवटीच्या जरा खाली, नाहीतर "प" आणि "फ" ला स्पीकर फुटतो. आणि संपल्यावर पळायचं नाही.

अजून एक. १९६३ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (कॅथलिक बिशपांची मोठी सभा) उपासनाविधीवरचा जो दस्तऐवज आला त्यात म्हटलंय की ज्याचं जे काम त्याने ते पूर्ण करावं आणि तेवढंच करावं. मला यातलं "तेवढंच" फार आवडतं. आमच्याकडे एक अंकल होते, वाचन त्यांचं, पण गाण्याला गायकवृंदापेक्षा मोठा आवाज त्यांचा, दान गोळा करणाऱ्यांना हातवारे करून दिशा दाखवणार तेही तेच. सेवा खरीच होती त्यांची, पण बाकीच्यांना हात लावायला जागाच उरायची नाही. तुमच्याकडे पाळकसाहेब ऐन वेळी पुढच्या बाकाला खुणावतात ना, त्याऐवजी प्रत्येक वाचनाला एक राखीव माणूस आधीच नेमा, त्याने पण तयारी करून यायचं. मग कुणी आलं नाही तरी तारांबळ नाही.

अग्निज्वाला_पुणे

प्रेज द लॉर्ड. सगळं वाचलं. राग मानू नका पण पेन्सिलीच्या रेघा, राखीव माणूस, छापील कागद, यात पवित्र आत्म्याला बोलायला जागा कुठे? आमच्या फेलोशिपमध्ये मागे एक बाई प्रार्थनेत रडायला लागल्या, नवरा दारू सोडत नाही म्हणून, सगळी मंडळी त्यांच्याभोवती उभी राहिली, उपदेश झालाच नाही त्या दिवशी. छापील क्रम असता तर कुणीतरी घड्याळ दाखवलं असतं. आत्म्याला टाइमटेबल लावू नका एवढंच.

अल्टो_ताई

@अग्निज्वाला दादा, त्या ताईंसाठी थांबलात ते बरोबरच केलंत, कुठलाही शहाणा पाळक थांबेल. पण त्याच्यावरून क्रमच नको हे कसं? १ करिंथ १४, म्हणजे पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय, तुम्हाला पाठ असेल. करिंथच्या मंडळीत आत्म्याची कमी नव्हतीच, उलट सगळे एकदम बोलायचे. पौल काय म्हणतो? आत्म्याच्या प्रेरणेने अन्य (अनोळखी) भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसा. संदेश देणाऱ्याला तर तो सांगतो की शेजारी बसलेल्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं. म्हणजे ज्याला आत्म्याने दिलंय त्यालाच थांब म्हणतोय! तोंडं बंद करा असं नाही म्हणत, पाळीने बोला म्हणतोय. पाळी नसली की आत्मा नाही बोलत, ज्याचा आवाज मोठा तो बोलतो. आमच्या मंडळीत तर तेच दोघं बोलतात दर रविवारी.

@तिसरा_बाक, मी गायकवृंदात आहे म्हणून गाण्याचं बोलते. पाळी कुणाची पहिली यावरून तुमच्याकडे रुसवे होणारच, त्यावर बायबलमधला १ इतिहास, अध्याय २५ बघा. दावीदाच्या काळचे गाणारे, आसाफ, हेमान आणि यदूथून यांची मुलं, एकूण २८८, त्यांच्या २४ पाळ्या, प्रत्येकीत १२ जण. आणि पाळी ठरली चिठ्ठ्या टाकून, लहान-मोठा, गुरू-शिष्य असा फरक न करता. आम्ही तसंच केलं, पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या. कोषाध्यक्षांच्या मिसेसना नाताळच्या रविवारी दानाच्या पिशवीची पाळी आली आणि सोलो एका बारावीतल्या मुलीला. तोंडं वाकडी झाली, पण बोलणार कुणाला, चिठ्ठीला?

ड्रमबद्दल. ड्रम काढायला सांगू नका, तरुण पोरं पण जातील ड्रमबरोबर. जे ऑर्गनला परंपरा म्हणतात त्यांना आठवण करून द्या की ऑर्गन मिशनऱ्यांबरोबर आला, आणि कवी रेव्ह. ना. वा. टिळकांसारख्यांनी भजन-कीर्तन मंडळीत रुजवलं तेव्हा ते पण नवीनच होतं. नवीन असण्यात काही बिघडत नाही, ऐन वेळी असण्यात बिघडतं. पोरांना सांगा, तुमचं गीत घ्या, पण शनिवारी संध्याकाळपर्यंत नंबर द्या, फलकावर लागलं तर होणार, नाही लागलं तर पुढच्या रविवारी. आणि गीत उपदेशाच्या विषयाला धरून आहे का ते त्यांनाच पाळकसाहेबांना विचारायला लावा. आमच्याकडे हा नियम झाल्यापासून पोरं उपदेशाचा उतारा आधी वाचून येतात, मोठे नाही येत.

तिसरा_बाक

सगळ्यांचे आभार. सेवक काका, तुमचं मिशनचं म्हणणं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली बाबांच्या घरचे एसपीजीचे आणि आमचे अमेरिकन, म्हणून लग्नानंतर कित्येक वर्षं ती चुकीच्या वेळी उभी राहायची.

कमिटीपुढे हे ठेवतोय: छापील क्रम, प्रत्येक वाचनाला राखीव माणूस, गुरुवारचा फोन, पाळीच्या चिठ्ठ्या, गीतांचे नंबर शनिवारपर्यंत. अग्निज्वाला दादा, तुमचं पण घेतलंय, मध्यस्थीच्या प्रार्थनेत मोकळी जागा ठेवतोय, ज्याला विनंती सांगायचीय त्याने तिथे सांगायची, आणि कुणी रडलं तर घड्याळ कुणी बघायचं नाही असं लिहूनच टाकतो. सूचना मात्र माइकवरून बंद, आशीर्वाद झाल्यावर दाराशी छापून द्यायच्या. वाढदिवसांवर अडलंय, ते माइकवरून काढले तर महिला मंडळ मला जिवंत सोडणार नाही.

जुना_सेवक

वाढदिवस महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, सगळ्यांची एकच प्रार्थना. केक त्यांनाच आणायला सांग, मग विरोध करणार नाहीत. आणि ते सूचनांचं झेरॉक्स कोण काढणार ते आधी ठरव, नाहीतर ती पाळी पण तुझ्याच नावावर येईल.

वसईची_वाचिका

आमच्याकडे ती पाळी चिठ्ठी न टाकताच माझ्याकडे आलीय 😅