घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स: थेट आयएसओ की आधी डेबियन?

माळ्यावरचा_डबा:
जुना डेस्कटॉप हाताला लागलाय, १६ जीबी रॅम, ५०० जीबीच्या दोन एसएसडी. प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारी प्रणाली) टाकायचं हे नक्की, पण माझं मत असं की आधी साधं डेबियन लिनक्स टाकावं आणि त्यावर प्रॉक्समॉक्स चढवावं, शेवटी आतून ते डेबियनच ना, प्रॉक्समॉक्स ९ म्हणजे डेबियन १३. पार्टिशन तरी मनासारखी करता येतात, तो आयएसओवाला (प्रॉक्समॉक्सच्या तयार इन्स्टॉल फाईलमधला) इन्स्टॉलर अख्खी डिस्क गिळतो.

रात्रपाळी:
नका हो नादी लागू. मी केलाय हा उद्योग. डेबियन होस्ट्स फाईलमध्ये मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतं, तिथे खरा आयपी टाकायचा राहिला आणि ८००६ पोर्टवर (तिथे प्रॉक्समॉक्सचं वेब पान असतं) काही उघडेचना, रात्री अडीचपर्यंत केबली बदलत बसलेलो. वर व्हीएमसाठी नेटवर्क ब्रिज हातानं बनवा ते वेगळंच. अख्खी डिस्क नको तर इन्स्टॉलरच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एचडीसाईज (किती डिस्क वापरायची तो आकडा) कमी द्या की. आणि दोन एसएसडी आहेत तर तिथेच झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) निवडा, डेबियनचा इन्स्टॉलर रूटला, म्हणजे सिस्टिम असते त्या भागाला, झेडएफएस देत नाही.

कुलूपकिल्ली:
सपशेल असहमत. डिस्क एन्क्रिप्ट कोण करणार? प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलरमध्ये लक्सचा (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचा) पर्यायच नाही, डेबियनच्या आहे. उद्या घरफोडीत डबा गेला तर आधार-पॅनचे स्कॅन सगळे चोराच्या हातात. होस्ट्सची एक ओळ बदलायला असा कितीसा वेळ लागतो?

रात्रपाळी:
आणि लाईट गेली की? पासवर्ड टाकायला दर वेळी माळ्यावर शिडी लावायची का? आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा जाते.

कुलूपकिल्ली:
ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर) टाका, बूट होतानाच एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, मिळतं, फोनवरून कुलूप उघडा.

रात्रपाळी:
घरात असलात तर. गावी गेलात आणि बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचं व्हीपीएन त्याच डब्यात असेल तर?

माळ्यावरचा_डबा:
त्याच डब्यात ठेवणार होतो 😅 बरं, मत बदललं. आयएसओ, झेडएफएस मिरर, आणि कागदपत्रांची व्हीएम वेगळी, लक्स फक्त तिच्या आत. ती बंद राहिली तरी बाकीचं चालू राहील.

कुलूपकिल्ली:
हे चालेल, पण होस्ट (मूळ मशीन) उघडाच राहतो हे माझं म्हणणं कायम.

माळ्यावरचा_डबा:
टाकलं! पण अपडेट मारलं की ४०१ एरर येतोय, काय चुकलं?

रात्रपाळी:
काही नाही, एंटरप्राइज रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा अपडेटचा साठा) बंद करा, नो-सबस्क्रिप्शनवाली लावा. सबस्क्रिप्शन नसलेल्या सगळ्यांनाच येतो.