मदत हवी आहे: पेशव्यांची वस्त्रे, शोगुनचे पद आणि सत्तेची अधिमान्यता

सत्तेच्या अधिमान्यतेवर (म्हणजे सत्ता रास्त मानली जाण्यावर) टिपण लिहिताना एका ठिकाणी अडलो आहे. सारा कारभार पुण्यातून चालत असतानाही नवा पेशवा वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घेई, आणि खुद्द शाहू महाराजांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीहून मिळवल्या होत्या; जपानमध्येही १६०३ साली तोकुगावा इएयासूला शोगुनपद (लष्करी सत्ताधीशाचे पद) सम्राटानेच दिले, जरी तलवार इएयासूचीच होती. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांची अधिमान्यतेच्या आधारांची परंपरा, करिष्मा आणि कायदा ही त्रयी लावून पाहिली, पण ‘नावाचा धनी एक, कर्ता दुसरा’ ही रचना तीत (निदान मला तरी) बसवता आली नाही. निवडणूक, लोकसंमती हे आधुनिक निकष येथे नकोत. अशा उसन्या अधिमान्यतेसाठी राज्यशास्त्रात स्वतंत्र संकल्पना आहे का, आणि असल्यास मराठीत तिला कोणता शब्द रूढ आहे?