हिचवरचा स्टिकर आधी वाचा

सेडानला सव्वा इंची हिच (गाडीच्या मागे रॅक किंवा ट्रेलर जोडायची लोखंडी खोबण) आहे आणि प्रत्येकी ६५ पौंडांच्या दोन ई-बाइक न्यायच्यात, जमेल का, असं एकाने विचारलंय. मी तरी या हिचवर हे धाडस करणार नाही. दोन बाइकचे १३० पौंड आणि रॅकचेच ५०, म्हणजे झाले १८०. क्लास १ म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गातल्या हिचची टंग वेटची (हिचवर खाली पडणाऱ्या भाराची) मर्यादा साधारण २०० पौंड असते, पण बाइक हिचपासून दोन-तीन फूट मागे लटकतात, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ताण बराच वाढतो. तुमच्या हिचची मर्यादा तिच्यावरच्या स्टिकरवर वाचा, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा त्याहून कमी असेल तर तोच धरा. शक्य असेल तर दोन इंची हिचची गाडी वापरा.

रॅक प्लॅटफॉर्मचाच घ्या, म्हणजे चाकं ट्रेवर ठेवायचा; बाइक आडव्या नळीने दांड्याला टांगायचा नको. स्टेप-थ्रू फ्रेमला आडवी नळीच नसते, तिथे चाक धरणारा हुक कामी येतो. रॅकची प्रत्येक बाइकमागची वजनाची मर्यादा वेगळी तपासा. बऱ्याच साध्या रॅकची ती ६० पौंडच असते. टायर रुंद असतील तर ट्रेमध्ये बसतात का तेही बघा. बाइक ढकलत वर चढवायला रॅम्प मात्र हवाच, तेवढं वजन उचलताना कंबर धरते.

बॅटरी काढून गाडीत ठेवा: सहा-आठ पौंड कमी होतात आणि हायवेवरच्या पावसात बॅटरीचा कनेक्टरही भिजत नाही, मात्र बाइकवर उघड्या राहिलेल्या विजेच्या संपर्कांवर कव्हर लावा.